फोर बाय फोर जखडते तेव्हा: पीळ ओळखा, सोडवा, मग कारण शोधा

साखरप्याच्या अलीकडे मित्राची काजूची बाग आहे. बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत तीनेक किलोमीटर लाल मातीची वाट. आदल्या रात्री ऑक्टोबरातला पाऊस कोसळून गेलेला, म्हणून सकाळी निघताना थारचा फोर बाय फोरचा लिव्हर ४एचला (चारही चाकांना ताकद) टाकला आणि मजेत बाहेर आलो. डांबर लागलं, ऊन पडलं, गप्पा रंगल्या आणि लिव्हर आहे तिथेच राहिला. आंबा घाटाच्या पहिल्याच आवळ वळणावर स्टिअरिंग जड लागायला लागलं. कुणी हँडब्रेक अर्धवट ओढून ठेवावा तशी गाडी रखडायला लागली, टायर चीं करून ओरडला. कडेला थांबून लिव्हर २एचला (ताकद फक्त मागच्या चाकांना) ओढला, तर हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तळहात लाल झाला, लिव्हर जागचा हलला नाही. शेवटी रस्ता मोकळा बघून दहा-बारा फूट सरळ रिव्हर्स घेतली. खालून ठक्क असा आवाज आला आणि लिव्हर स्वतःहूनच आल्यासारखा २एचवर आला.

यात गाडीचा काडीचाही दोष नव्हता. हे आधी सांगतोय, कारण ‘फोर बाय फोर जखडते’ म्हणून गॅरेजला जाणाऱ्या कितीतरी गाड्यांना काहीच झालेलं नसतं. उरलेल्या गाड्यांना मात्र खरंच काहीतरी झालेलं असतं. हा फरक घरच्या अंगणात, खडू, टेप आणि जॅक एवढ्या सामानावर ओळखता येतो.

पीळ बसतो म्हणजे काय

थार, जिम्नी, जुनी जिप्सी, गुरखा या गाड्यांत पार्ट-टाइम फोर बाय फोर असतं. लिव्हर ४एच किंवा ४एलला (चारही चाकं, पण हळू आणि जास्त ताकदीचा लो गिअर) टाकला की ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी, पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) एकमेकांना बांधून टाकते. मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळे फेरे फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतं. पुढचा शाफ्ट जितके फेरे फिरेल तितकेच मागच्याने फिरायचे, कमी नाही आणि जास्तही नाही.

सरळ रस्त्यावर हे चालून जातं, वळणावर नाही. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची आतून कापत येतात. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर. पार्किंगमध्ये गाडी अशी आवळून वळवली की मागच्या एक्सलचा मध्य ४.५ मीटर त्रिज्येवरून जातोय, तर पुढच्या एक्सलचा मध्य जवळपास ५.१२ मीटरवरून जातो. नुसत्या काटकोनी वळणात मागचा एक्सल ७.०७ मीटर चालतो आणि पुढचा ८.०५ मीटर. जवळजवळ एक मीटरचा फरक. १८ इंची रिमवरच्या २५५/६५ टायरचा घेर साधारण २.४८ मीटर, म्हणजे चाकाच्या फेऱ्यात हा फरक ०.४ फेऱ्याचा झाला. क्राउन-पिनियनचं (एक्सलमधली गिअरजोडी) गुणोत्तर चार, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार फेरे, धरलं तर शाफ्टमध्ये दीड फेऱ्याहून जास्त. एका काटकोनात.

हा दीड फेरा जायचा कुठे? चिखलात, वाळूत, खडीवर टायर थोडा घसरतो आणि हिशोब तिथल्या तिथे चुकता होतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही. मग शाफ्ट, गिअर, क्रॉस (शाफ्टचे सांधे), एक्सल हे सगळं दोरीला पीळ भरावा तसं पिळलं जातं. पीळ वाढत जातो, शेवटी टायर ओरडत घसरतो आणि गाडी उडी मारल्यासारखी हिसका देते. हे बरेच दिवस चाललं की टायर आधी जातात, मग क्रॉस, आणि नशीब खराब असेल तर ट्रान्सफर केस. लिव्हर अडकतो तोही याच पिळामुळे. आत सरकणाऱ्या कॉलरच्या दातांवर दोन्ही बाजूंनी इतका दाब असतो की तो सरकूच शकत नाही.

आधी पीळ सोडवा

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या पिळाला मात्र तसा हट्ट नाही, वाट दिली की जातो. वाट न देता हिसके दिले, तर लिव्हरची जोडणी वाकते आणि नवीनच दुखणं मागे लागतं. मी लिव्हरवर लोखंडी पाइप चढवणारे लोक पाहिलेत. कृपा करून नको.

पहिला उपाय म्हणजे सरळ रिव्हर्स. स्टिअरिंग सरळ करा, मागे कोणी नाही याची खात्री करा आणि सावकाश दहा-पंधरा फूट मागे घ्या. चालत्या गाडीत अॅक्सिलरेटरवरून पाय काढून, लिव्हरवर हाताचा हलका दाब ठेवा. दातांवरचा भार सुटला की तो स्वतःहून येतो. ज्या वळणामुळे पीळ भरला त्याच वाटेने मागे गेलात तर आणखी लवकर सुटतो, कारण जेवढा भरला तेवढाच उलटा उलगडतो. घाटात हे शक्य नसेल, तर पुढे सरळ पट्टा येईपर्यंत अगदी सावकाश जा आणि तिथे करा.

तेवढ्याने नाही झालं तर एका बाजूची दोन्ही चाकं कडेच्या मुरमावर किंवा खडीवर उतरवा आणि थोडं पुढे-मागे करा. सैल जमिनीवरची चाकं घसरतात, पीळ तिथून निसटतो. शेताच्या कडेला असाल तर हा उपाय सगळ्यात सोपा.

तिसरा उपाय जॅकचा, आणि हा जपून करायचा. एक चाक हवेत घेतलं की पीळ त्या चाकातून सुटतो, पण कधी कधी चाक एकदम गर्रकन फिरतं. बोटं चाकाच्या आऱ्यांत असतील तर हाड मोडेल. चाकापासून लांब बसा, इंजिन बंद ठेवा, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये टाकून एक चाक उचललेली फोर बाय फोर गाडी जॅकवरून उडी मारून पुढे येऊ शकते. दुसऱ्या एक्सलची, जमिनीवरची दोन चाकं तिला ढकलायला तयारच असतात.

जॅकचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरमध्ये टाकलेली किंवा ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’ला लावलेली गाडीसुद्धा उतारावरून सुटते, कारण गिअरबॉक्सचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. दुसरी गोष्ट जुन्या विलीज कुळातल्या जीपांची. त्यांचा हँडब्रेक चाकाला नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललंत की डिफरन्शियलमुळे हा हँडब्रेक निकामी. शाफ्ट धरून ठेवलेला असला तरी खालचं चाक पुढे जातं आणि वरचं उलटं फिरतं. तिथे दगडाला पर्याय नाही.

आता तीन प्रश्न

गाडी सुटली. हा दोष होता की आपली चूक, हे तीन प्रश्नांवर ठरतं. जखडणं फक्त ४एचमध्ये, कोरड्या कडक रस्त्यावर आणि वळतानाच होतं का? तसं असेल तर गाडी ठणठणीत आहे, सवय बदला. ४एचमध्ये सरळ रस्त्यावरही होतं का? मग टायर किंवा क्राउन-पिनियन बघायचं. २एचमध्येही होतं का? मग एक तर लिव्हर खोटं बोलतोय, नाहीतर दुखणं फोर बाय फोरचं नाहीच.

तपासणीही मी याच्या उलट्या क्रमाने करतो, कारण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात स्वस्तात मिळतं.

२एचमध्येही रखडते

दहा किलोमीटर चालवून या, ब्रेक शक्य तितके कमी वापरा. थांबल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू न्या. चिकटवू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा चांगलं तापलं असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. पाऊस आणि चिखल खाल्लेल्या गाड्यांत कॅलिपरच्या (ब्रेकचा चिमटा) पिना हमखास अडकतात. कोकणात तर जास्तच. ते चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. ब्रेक धरत असेल तर लगेच कळतं.

चारही चाकं सारखी असतील तर लिव्हर तपासा. लिव्हर २एचला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद, मागच्या चाकांना दगड. पुढचं एक चाक उचला, हब (चाक एक्सलला जोडणारी किंवा सोडणारी कळ) लॉक असू द्या आणि हाताने फिरवा. एक जण खाली वाकून पुढच्या प्रॉपेलर शाफ्टकडे बघत राहील. चाक सहज फिरतंय आणि सोबत शाफ्टही फिरतोय, तर ट्रान्सफर केस खरंच सुटलेली आहे. चाक थोडं हलून थबकलं, तर डॅशबोर्डवर दिवा असो वा नसो, आत फोर बाय फोर अजून लागलेलंच आहे. मग लिव्हरची जोडणी बघायची: झिजलेली बुश, वाकलेली सळी, चिखल वाळून दगड झालेले सांधे. धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बघा. निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं. बटणावर चालणाऱ्या गाड्यांत हे काम मोटर करते, तिथे वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवट गंज चढलाय का ते बघायचं.

इथे हबबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. ‘हब लॉक राहिले म्हणून २एचमध्ये गाडी जखडते’ असं बऱ्याचदा ऐकू येतं. तसं होत नाही. ट्रान्सफर केस सुटलेली असेल तर लॉक झालेले हब पुढचा शाफ्ट नुसता फुकट फिरवतात, त्याने आवाज आणि डिझेल थोडं वाढेल, पीळ बसणार नाही. उलट ४एचमध्ये एकच हब लागला आणि दुसरा सुटा राहिला, तर सुट्या बाजूचा एक्सल मोकळा फिरतो, पुढे ताकद जातच नाही. अशा गाडीला पीळही नाही आणि चिखलात उपयोगही नाही. चिखलातून येऊनही वळणावर अजिबात जखडली नाही, तर ती चांगली बातमी असेलच असं नाही.

४एचमध्ये सरळही जखडते: खडूची परीक्षा

हा माझा आवडता भाग. सरळ रस्त्यावर पीळ भरतोय म्हणजे पुढचा आणि मागचा एक्सल एकाच अंतरासाठी वेगवेगळे फेरे मागतायत. बहुतेक वेळा कारण टायर असतात. पुढचे दोन नवीन टाकले, मागचे ‘अजून वर्षभर चालतील’ म्हणून ठेवले. नवीन टायरची नक्षी ९ मिलिमीटर आणि जुन्याची ३ धरा. त्रिज्येत ६ मिलिमीटर, घेरात साधारण ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एका किलोमीटरला पुढच्या-मागच्या चाकांत सहा फेऱ्यांचा फरक पडतो, आणि तोही स्टिअरिंगला हात न लावता.

परीक्षा अशी करा. चारही टायरमध्ये हवा कंपनीने सांगितलेल्या मापाची भरा, टायर थंड असताना. सपाट, सरळ, पंचवीस-तीस मीटर जागा बघा. सोसायटीतला रस्ता रविवारी सकाळी चालतो. गाडी २एच, न्यूट्रल, स्टिअरिंग अगदी सरळ. प्रत्येक टायरवर जमिनीला टेकलेल्या जागी खडूने ठळक रेघ मारा. मग दोघा-तिघांनी गाडी ढकलायची. पुढच्या डाव्या चाकाची खूण दहा फेरे पुरे करून पुन्हा जमिनीला टेकली की थांबा आणि बाकीच्या खुणा कुठे आहेत ते बघा. घड्याळाचा काटा समजा, सहावर सुरुवात झाली होती. वरच्या उदाहरणातली झिजकी चाकं जवळपास दोन तास सरकलेली दिसतील. डाव्या-उजव्यात थोडा फरक आला तर गाडी किंचित तिरकी गेली असेल. तुलना पुढची जोडी विरुद्ध मागची जोडी अशी करायची. माझा स्वतःचा हिशोब असा: अर्ध्या तासाच्या आत असेल तर विसरून जा, तासाभराच्या पुढे गेलं तर टायर बदला, किंवा चारही सारखे झिजतील अशा रीतीने वेळच्या वेळी पुढचे-मागचे आलटून-पालटून लावत राहा. टायरच्या बाजूच्या भिंतीवरचं मापही वाचा. आकडे तेच असले तरी वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या नक्षीच्या टायरचा घेर वेगळा निघतो. स्टेपनी लावून फोर बाय फोरमध्ये लांब जाताना हेच लक्षात ठेवायचं.

टायर सारखे निघाले आणि तरी जखडते, तर संशय क्राउन-पिनियनवर. नवीन गाडीत ही शक्यता जवळपास नाही. जुन्या जीपमध्ये, जिचा एक्सल कधीतरी जुन्या बाजारातून आला असेल, तिथे नक्की मोजा. मागचं एक चाक उचला, दुसरं जमिनीवरच. पुढच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर २एच, हँडब्रेक सोडलेला. प्रॉपेलर शाफ्टवर आणि हाउसिंगवर समोरासमोर खडूची खूण करा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक स्थिर असल्यामुळे दोन फेऱ्यांची सरासरी एक होते, म्हणून शाफ्टचे जितके फेरे तेवढंच गुणोत्तर. मग दगड मागच्या चाकांना लावा, हब लॉक करा आणि पुढेही असंच मोजा. डिफरन्शियल लॉकवाला असेल आणि चाक असं फिरतच नसेल, तर दोन्ही चाकं उचलून, दोन्ही एकत्र एक फेरा फिरवून मोजावं लागतं.

पिळासारखी दिसणारी पण पीळ नसलेली दुखणी

पूर्ण वळवल्यावर कट-कट-कट, वेगाबरोबर वाढणारा: सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाजवळचा, वळणारा सांधा). पिळाचा आवाज असा तालात येत नाही. काही जुन्या एक्सलमध्ये चाकाजवळ सीव्हीऐवजी साधा क्रॉस असतो. अशी गाडी ४एचमध्ये पूर्ण वळवली की स्टिअरिंगला हातात ठोके जाणवतात, चिखलातही. ती त्या सांध्याची जातच आहे.

सरळ जाताना अॅक्सिलरेटर दाबल्यावर ट्रान्सफर केसमधून कडकड आली, तर आतली साखळी सैल झालेली असू शकते. ती दात सोडून उडी मारते. हे काम अंगणातलं नाही. शंका असेल तर ऑइल काढून बघा. ड्रेन प्लगवर चुंबक असेल तर त्यावरची करडी मऊ पेस्ट चालते. बोटांना टोचणारे पत्र्यासारखे तुकडे असतील तर गाडी फोर बाय फोरमध्ये टाकणं थांबवा. ऑइल भरताना मात्र पुस्तक बघा. काही ट्रान्सफर केसना गिअर ऑइल लागतं, काहींना ऑटोमॅटिकचं पातळ ऑइल, आणि ‘सगळ्यांना एकच टाकतो’ म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याचं ऐकू नका.

प्रॉपेलर शाफ्टचा सुकलेला क्रॉस वेगळा ओळखू येतो. गिअर टाकताना, क्लच सोडताना टण्ण असा कोरडा आवाज, २एचमध्येही. हाताने शाफ्ट मागे-पुढे पिरगाळून बघा आणि क्रॉसच्या कपांभोवती लाल भुकटी दिसते का ते बघा. ती गंजाची. चिखलातून आल्यावर दर वेळी दोन दाब ग्रीस मारलं असतं तर ती दिसलीच नसती. शाफ्ट कधी उघडला असेल तर दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत बसवलेत का तेही बघा, स्प्लाइनवर (शाफ्टच्या सरकत्या जोडाचे दात) एक दात चुकला तरी गाडी थरथरते.

सवयीचं थोडंसं

चिखल किंवा वाळू लागण्याआधी ४एच, डांबराला चाक लागलं की २एच. मी आता आरशाला एक लाल रबर अडकवून ठेवतो. फोर बाय फोरमध्ये टाकलं की रबर मनगटात, काढलं की परत आरशाला. बायको हसते, पण आंबा घाटानंतर एकदाही विसरलेलो नाही. पावसात भिजलेलं डांबर अर्ध्या-मुर्ध्या वाटेचं असतं: सरळ पट्ट्यावर, धो-धो पावसात ४एच ठीक, आवळ वळणं आली की नको. आणि ४एल डांबरावर कधीच नको, तिथे ताकद जास्त म्हणून पीळही जास्त. हाताने फिरवायचे हब असलेल्या जिप्सीवाल्यांना मात्र एक सोय आहे. हब सुटे ठेवून ४एल टाकला की मागच्या दोन चाकांवर लो गिअर मिळतो आणि पीळ बसत नाही. चढावरच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घ्यायला छान, पण सगळी ताकद एकट्या मागच्या एक्सलवर येते, तेव्हा अॅक्सिलरेटर हळू.

साखरप्याच्या मित्राकडे बागेत एक जुनी जीपही आहे, दुसऱ्या हातची घेतलेली. ती चिखलातही ४एचमध्ये दहा पावलांत जखडायची, आणि तो दोन वर्षं लिव्हरला दोष देत होता. टायर चारही एकसारखे निघाले. मग पडवीत जीप जॅकवर घेतली. मी चाक फिरवत होतो आणि त्याची शाळेतली मुलगी खाली उकिडवी बसून शाफ्टवरची खूण मोजत होती. मागे ‘पाच... नाही, पाचाला जरासं कमी.’ पुढे ‘पाच, आणि वर तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं जास्त.’ ४.८८ आणि ५.३८. ही दोन्ही गुणोत्तरं विलीज कुळातल्या जीपमध्ये भेटतात, एकाच जीपमध्ये भेटायला नकोत. आधीच्या मालकाने कधीतरी पुढचा एक्सल बदलला होता. चाकाच्या दर दहा फेऱ्यांना एक फेरा पीळ, चिखल तरी किती सोसणार? जोडीचं क्राउन-पिनियन मिळेपर्यंत त्याने पुढचे हब सुटे करून ठेवलेत आणि लिव्हरला सुतळीने २एचला बांधून टाकलंय.